नाशिकहून न्यू जर्सी: अंतर जवळपास सारखेच, वेळ मात्र निरनिराळा

ज्यांची मुले-मुली न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीच्या परिसरात राहतात, अशा नाशिककर घरांत तिकीट काढायची वेळ आली की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. मुंबईहून थेट विमान घ्यावे, दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलावे, युरोपमार्गे जावे, की नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्ली गाठून तिथून पुढे जावे? आमच्या गंगापूर रोडच्या घरी ही चर्चा झाली ती आई प्रथमच एकटी न्यू जर्सीतील एडिसनला निघाली तेव्हा. त्या वेळी प्रत्येकाने आपापल्या ओळखीतल्या कोणाचा तरी अनुभव पुढे केला, पण सगळे मार्ग एकाच मापाने मोजून कोणीच पाहिले नव्हते. मग मी ते काम हाती घेतले आणि माप ठरवले ते असे, की नाशिकच्या घराला कुलूप लावल्यापासून एडिसनच्या घराची बेल वाजेपर्यंत किती तास जातात, त्यांतले किती तास बसून, किती उभे राहून आणि किती अनिश्चिततेत जातात.

किलोमीटरचा हिशेब

मुंबई ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे, आणि न्यू जर्सीतील नेवार्क विमानतळासाठीही ते जवळजवळ तेवढेच भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहिले तर ही रेघ अरबी समुद्र, आफ्रिकेचे उत्तर टोक आणि अटलांटिक अशी सरळ पश्चिमेकडे जाईल असे वाटते. परंतु गोलावर दोरा ताणून धरला तर तो मुंबईहून वायव्येलाही नव्हे, तर त्याहून बराच उत्तरेकडे निघतो. सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियातील सेंट पीटर्सबर्गचा परिसर, नॉर्वे आणि आइसलँड यांवरून तो ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळ येतो आणि मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली उतरतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर हा प्रयोग नातवंडांबरोबर अवश्य करून पाहावा, कारण विमानातील पडद्यावर दिसणारा वाकडा मार्ग मुळात वाकडा का नाही, हे त्यातून लगेच उमगते.

आता वाटेत एक मुक्काम घातला तर अंतर किती वाढते ते पाहू. मुंबई ते दुबई सुमारे १,९२५ किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे एकूण १२,९२५. थेट मार्गापेक्षा जेमतेम ४०० किलोमीटर जास्त. अबुधाबीमार्गे एकूण अंतर १३,००० किलोमीटरच्या घरात जाते. फ्रँकफर्टमार्गे ते सुमारे १२,७६० आणि लंडनमार्गे सुमारे १२,७५० किलोमीटर होते. ओझर ते दिल्ली हे हवाई अंतर अंदाजे १,००० किलोमीटर आणि दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे ११,७५० किलोमीटर, म्हणजे हीही बेरीज पुन्हा १२,७५० वरच येते.

या आकड्यांनी मला सर्वांत आधी चकित केले. दिल्ली हा उलटा वळसा आहे, दुबईला जाणे म्हणजे आडवाट आहे, असे आपण सहज बोलून जातो. पण सर्व मार्गांमधला फरक ५०० किलोमीटरच्या आत आहे आणि ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या विमानाला त्यासाठी अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेव्हा अंतर पाहून मार्ग निवडण्यात अर्थ नाही. वेळेचा खरा फरक पडतो तो जमिनीवर, आणि काही वेळा आकाशातील बंद दरवाज्यांमुळे.

मुंबईहून थेट

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात आणि येताना १४ ते साडेचौदा. एवढ्या मोठ्या फरकाचे कारण म्हणजे उत्तर गोलार्धात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, म्हणून एकाच मार्गावर दीड-दोन तासांची तफावत पडते आणि हिवाळ्यात वारे अधिक जोरात असल्याने ती अधिक जाणवते.

घड्याळाचे गणित वेगळे लावावे लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा भारत उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. समजा विमान मुंबईहून रात्री दीड वाजता सुटले आणि १६ तास उडाले, तर भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, पण न्यूयॉर्कला उन्हाळ्यात त्याच दिवशीचे सकाळचे आठ आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतील. तिकिटावर दीड ते आठ असे वाचून साडेसहा तासांचा प्रवास समजणारे ज्येष्ठ मला भेटले आहेत, म्हणून हे एवढ्या सविस्तर लिहिले.

थेट विमानाचा मोठा लाभ हा की एकदा आसनावर बसल्यावर काही चुकण्याचा संभव उरत नाही. सामान एकदाच दिले जाते, अनोळखी विमानतळावर फलक वाचत फिरावे लागत नाही, पुढचे विमान सुटेल का ही धास्ती नसते. तोटा एवढाच, की सलग १६ तास बसणे गुडघेदुखी, पायांवर सूज किंवा मधुमेह असलेल्यांना जड जाते. दीर्घकाळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा प्रवाशांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, मार्गिकेलगतचे आसन घ्यावे आणि दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे.

नाशिक ते मुंबई विमानतळ: सर्वांत कमी अंतर, सर्वांत जास्त काळजी

हा भाग तुलनेत कोणी धरतच नाही, आणि माझ्या मते नाशिककराचा निर्णय इथेच ठरतो. नाशिकहून मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ रस्त्याने साधारण १७० किलोमीटर आहे. एकूण प्रवासाच्या मानाने हे अंतर दीड टक्कासुद्धा नाही, पण त्याला चार तास सहज लागतात आणि पाच तास हाताशी ठेवावे लागतात. म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरच्या गतीने गेलेले हे १७० किलोमीटर, विमानाच्या तीन-साडेतीन हजार किलोमीटरएवढा वेळ खातात.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हापासून कसारा घाट टाळून इगतपुरीच्या सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून थेट भिवंडीजवळ उतरता येते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळणे, ट्रक बंद पडणे, धुक्यात वाहतूक रखडणे यांतून ही खरोखर सुटका आहे. मात्र आमण्याच्या पुढे भिवंडी आणि ठाण्याची गर्दी आहे तशीच आहे, आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, म्हणजे नेमकी मध्यरात्रीच्या विमानासाठी निघालेल्यांची वेळ, माजिवड्याच्या आसपास अर्धा-पाऊण तास अडकणे हे काही नवल नव्हे. एका पावसाळ्यात आमची गाडी याच पट्ट्यात दीड तास उभी होती आणि चेक-इन बंद व्हायला पंधरा मिनिटे असताना आम्ही काउंटरवर पोहोचलो. त्या दिवसापासून आमच्या घरात विमानाच्या वेळेच्या आठ तास आधी निघायचे असा दंडक आहे: पाच तास रस्त्यासाठी आणि तीन तास विमानतळासाठी.

रेल्वेचा पर्याय एकट्या तरुणासाठी ठीक आहे, पण २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन कल्याण किंवा ठाण्याला उतरून पुढे टॅक्सी पकडणे ज्येष्ठांना सुचवण्यासारखे नाही.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. आता नुसते ‘मुंबई’ असे वाचून गाडी ठरवणे पुरेसे नाही. तिकिटावर जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आणि नव्याचा एनएमआय असा असतो. तो पाहूनच चालकाला पत्ता द्यावा, कारण ठाण्यापुढे दोन्हींचे रस्ते वेगळे होतात.

या सगळ्याची बेरीज अशी: घरातून विमानापर्यंत आठ तास, विमानात सोळा, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानासाठी दीड तास, पुढे घरापर्यंत पाऊण तास. थेट मार्गाने नाशिकच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत सव्वासव्वीस तास.

आखाताचा थांबा

मुंबई ते दुबई सव्वातीन तास, दुबई ते न्यूयॉर्क साधारण चौदा तास आणि मध्ये तीन तास थांबा धरला, तर एकूण प्रवास साडेतीस तासांच्या आसपास जातो. थांबा दोन तासांचा निवडून वेळ वाचवता येतो, पण ज्येष्ठांसाठी मी तीन तासांहून कमी थांबा कधीच घेणार नाही, कारण मुंबईहूनच विमान तासभर उशिरा सुटले तर त्या प्रचंड विमानतळावर धावत जाणे त्यांना शक्य नसते. या मार्गाची खरी अडचण म्हणजे त्याची विभागणी विषम आहे. पहिला टप्पा छोटा, अर्ध्या झोपेत संपणारा, आणि दुसरा तरीही चौदा तासांचा, त्यामुळे पायांना विश्रांती मिळावी म्हणून थांबा घेतला असेल तर तो हेतू फारसा साध्य होत नाही.

अबुधाबीचा विषय मात्र वेगळा आहे. तिथे जानेवारी २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी विमानात बसण्याआधीच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत विमानातून आल्याप्रमाणे सरळ सामान घेऊन बाहेर पडतो. सोळा-सतरा तासांच्या प्रवासानंतर थकलेल्या अवस्थेत रांगेत उभे राहून अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे, हे पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांच्या मनावरचे सर्वांत मोठे ओझे असते. ते ओझे अबुधाबीत उतरते, आणि शिवाय काही कागद कमी पडला तर तिथे असतानाच नाशिकला किंवा एडिसनला फोन करता येतो. या तपासणीसाठी थांबा साडेतीन-चार तासांचा असावा. एकूण वेळ वाढला तरी अमेरिकेत उतरल्यावरचा तास-दीड तास वाचतो, म्हणून दुबई आणि अबुधाबी यांत निवड करायची झाल्यास ज्येष्ठांसाठी मी निःसंकोच अबुधाबीच्या बाजूने आहे.

या भागातील आकाश मात्र संवेदनशील आहे. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तासांसाठी बंद केली, तेव्हा साऱ्या आखातातील वेळापत्रके विस्कळीत झाली होती. तणावाच्या काळात तिकीट काढताना तारीख बदलण्याची सवलत असलेले तिकीट थोडे महाग पडले तरी घ्यावे.

युरोपमार्गे

मुंबई ते फ्रँकफर्ट नऊ तास, थांबा तीन तास, फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क पावणेनऊ तास. घरापासून घरापर्यंत सुमारे एकतीस तास. आकड्यांत हा सर्वांत लांबणारा मार्ग आहे, पण शरीराच्या दृष्टीने याची विभागणी उत्तम आहे. दोन्ही टप्पे जवळपास समान असल्यामुळे मधल्या तीन तासांत मोकळे चालता येते, औषधे वेळेवर घेता येतात, एक नीट जेवण होते. ट्रान्झिट व्हिसाची धास्ती अनेकांना असते. अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असेल तर जर्मनीत विमानतळाच्या आत विमान बदलण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. इतर देशांतून जायचे असल्यास त्या देशाचा नियम तिकीट काढण्याआधीच पाहून ठेवावा.

ओझरहून दिल्ली

ओझरचा विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यामुळे, जिथे सुखोई विमाने तयार होतात, तिथे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे, आणि इंडिगोने तिथून दिल्लीला प्रवासी सेवा चालवली आहे. घरातून पाऊण तासात विमानतळ, दीड तास आधी हजेरी, दोन तासांत दिल्ली. कसारा नाही, भिवंडी नाही, माजिवडा नाही. नाशिककराच्या मनाला हा मार्ग प्रथमदर्शनी फार भावतो, आणि तो भावावा असाच आहे.

तरीही तीन गोष्टी तपासल्याशिवाय तो घेऊ नये. पहिली गोष्ट तिकिटाची. ओझरहून नेणारी कंपनी आणि अमेरिकेला नेणारी कंपनी वेगळी असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळतात का हे पाहणे अत्यावश्यक आहे. एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा झाल्यास पुढची सोय लावणे ही कंपनीची जबाबदारी राहते आणि अमेरिकेच्या प्रवासाला लागू असलेली सामानाची मर्यादा पहिल्या टप्प्यालाही मिळते. तिकिटे वेगवेगळी असतील तर देशांतर्गत प्रवासाला सामान्यतः १५ किलोचीच मर्यादा असते, आणि गोडा मसाला, चिवडा, पापड यांनी भरलेल्या ४६ किलोच्या बॅगांचे जादा शुल्क ओझरलाच भरावे लागते. शिवाय दिल्लीत सामान ताब्यात घेऊन कदाचित दुसऱ्या टर्मिनलला जावे लागते, आणि टर्मिनल एक व टर्मिनल तीन यांतील अंतर चालत जाण्याजोगे नाही.

दुसरी गोष्ट हवामानाची. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीत रात्री आणि पहाटे दाट धुके असते आणि अमेरिकेची विमाने बहुधा त्याच वेळेत सुटतात. या सहा आठवड्यांत मी हा मार्ग घेणार नाही.

तिसरी गोष्ट आकाशातील बंद दरवाज्यांची, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केली आणि मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमाने त्यामुळे आधी दक्षिणेकडे, अरबी समुद्राकडे उतरून मग वळू लागली. प्रवासात तासाभराची किंवा त्याहून अधिक भर पडली आणि काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. मुंबईहून निघणारे विमान मुळातच समुद्रावरून आखाताकडे जात असल्याने त्याला हा फटका तुलनेने कमी बसला. दुसरीकडे, २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून रशियाच्या हवाई हद्दीतून युरोपीय व अमेरिकी कंपन्या उडत नाहीत, भारतीय कंपन्यांना मात्र ती बंदी नाही. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधला मार्ग आणि वेळ विमान कोणत्या देशाच्या कंपनीचे आहे यावरही ठरतो. म्हणून दिल्ली ते न्यूयॉर्क पंधरा तास हे जुने उत्तर गृहीत न धरता, ज्या दिवसाचे तिकीट काढायचे त्या दिवसाच्या वेळापत्रकातील तास मोजावेत.

दिल्लीत सहा तासांचा थांबा आणि पुढे सोळा तासांचे उड्डाण धरले तर हा मार्ग साडेअठ्ठावीस तासांचा होतो. मुंबईच्या थेट मार्गापेक्षा सव्वादोन तास अधिक, परंतु रस्त्यावरचा ताण जवळजवळ शून्य. परतताना मात्र साधारणपणे भारतातील पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम होते, त्यामुळे दिल्लीत सामान घेऊन पुन्हा द्यावे लागते, हे लक्षात ठेवावे.

नेवार्क की केनेडी

ज्यांची मुले एडिसनच्या परिसरात राहतात त्यांनी शक्यतो नेवार्क निवडावे. ते एडिसनपासून ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. केनेडी विमानतळ त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर असून वाटेत व्हेराझानो पूल आणि स्टेटन आयलंडची वाहतूक पार करावी लागते. वरील सर्व बेरजांत मी पाऊण तास धरला आहे तो नेवार्कचा. केनेडीला उतरल्यास त्यात किमान तासभर मिळवावा.

कोणी काय घ्यावे

पहिल्यांदा एकटे जाणारे, प्रकृती ठीक असलेले ज्येष्ठ असतील, तर मुंबईहून थेट विमान, आणि ते त्या हंगामात मिळत नसेल किंवा भाडे परवडत नसेल तर अबुधाबी. गुडघ्यांचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असणाऱ्यांनी चार-पाच तास अधिक देऊन युरोपचा मार्ग घ्यावा. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या आईवडिलांना मी थेट विमानच सुचवीन, कारण झोपलेले मूल उचलून मध्यरात्री विमान बदलणे फार कठीण जाते. फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळत असतील, तर ओझर-दिल्ली हा मार्ग दोघांनी मिळून जाणाऱ्यांना चांगला आहे. विद्यार्थ्यांनी भाडे पाहून ठरवावे. तीन-चार तासांचा फरक त्या वयात सोसता येतो.

आईसाठी आम्ही मुंबईहून थेट विमान घेतले, तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद केली आणि दुपारी साडेचारला घर सोडले. परतीचे विमान मुंबईत मध्यरात्री उतरणारे होते, तेव्हा रात्रीच्या रस्त्यावर न जाता ती अंधेरीत माझ्या मावसबहिणीकडे झोपली आणि सकाळी उजाडल्यावर नाशिकला निघाली.